तीन सल्ले आणि एक जुना ग्लासफिश

प्रश्न : आमची नाशिकची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी आम्ही २०११ साली जावात एक ईआरपी, म्हणजे कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, लिहिलं. ईजेबी (कामाचे नियम चालवणारे घटक), जेएसएफ (स्क्रीन), रात्रीची कामं टायमरवर, स्टॉकच्या नोंदी जेएमएसच्या म्हणजे निरोपांच्या रांगेतून, असा सगळा संसार ग्लासफिश ३.१ या ॲप्लिकेशन सर्व्हरवर आणि जावा ७ वर आहे. आज तीसेक ग्राहकांकडे, बहुतेक ठिकाणी त्यांच्याच विंडोज सर्व्हरवर, ते नीट चालतंय. गेल्या महिन्यात एका मोठ्या ग्राहकाने सिक्युरिटी ऑडिट करून घेतलं आणि ऑडिटरने सर्व्हर व जावा दोन्हींवर लाल शेरा मारला. तीन महिन्यांची मुदत मिळाली आहे. माझे भागीदार म्हणतात, वेबलॉजिक घेऊ, मोठं नाव बघितलं की ऑडिटर गप्प बसतो. बाहेरचे सल्लागार म्हणतात टॉमकॅट घ्या, फुकट आहे आणि सगळं जग तेच वापरतं. आमचा तरुण डेव्हलपर म्हणतो सर्व्हरच नको, सगळं स्प्रिंग बूटमध्ये नव्याने लिहू. तुम्ही तुलनेचा एक तक्ता करून सर्वांत चांगला सर्व्हर कोणता ते सांगाल का?
— तांत्रिक बाजू सांभाळणारी भागीदार, नाशिक

उत्तर : नमस्कार. तक्ता मी मुद्दाम देत नाही. केला तर पायारा, वाइल्डफ्लाय, लिबर्टी, वेबलॉजिक या सगळ्यांपुढे जवळपास प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण येईल, कारण हे सगळे एकाच मानकाच्या चाचण्या पास झालेले सर्व्हर आहेत. १९९९ साली सन कंपनीने जे२ईई नावाने जे मानक आणलं, ते पुढे जावा ईई झालं आणि २०१८ पासून एक्लिप्स फाउंडेशनकडे जकार्ता ईई या नावाने नांदतंय. ईजेबीने काय करावं एवढं मानक सांगतं. ते आतून कसं करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी सगळ्यांना सारखेच असतात, पण गळती कुठल्या मजल्यावर आहे ते त्या त्या इमारतीतल्या लोकांनाच ठाऊक असतं. तुमचं घोडं या गळतीपाशी अडणार आहे, आणि ती तक्त्यात दिसत नाही.

तेव्हा सर्व्हर बाजूला ठेवा आणि दोन दिवस स्वतःचाच कोड वाचा. तुमचं ईआरपी सर्व्हरकडून काय काय मागतं? ईजेबी, टायमर, जेएमएस आणि जेएसएफ पत्रातच आलं. पत्रात नाही ते असं: लॉगिन कोण करतं? ग्लासफिशवर त्या काळात लिहिलेल्या बऱ्याच ॲप्समध्ये पासवर्ड तपासण्याचं काम सर्व्हरच्या जेडीबीसी रेल्मवर, म्हणजे डेटाबेसातली नावं-पासवर्ड तपासणाऱ्या भागावर, सोडलेलं असतं, आणि कुठला ग्रुप म्हणजे कुठला रोल ही जोडणी ग्लासफिशच्या खास एक्सएमएल फाइलमध्ये असते. ती फाइल दुसरा सर्व्हर वाचत नाही. कनेक्शन पूल (डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा साठा) कुठे मांडलाय? कोडमध्ये डेटासोर्स कोणत्या जेएनडीआय नावाने (सर्व्हरच्या नोंदवहीतल्या नावाने) शोधलाय? डेटाबेसमध्ये लिहिणं आणि जेएमएसच्या रांगेत टाकणं हे दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर दोन्ही नाहीतर काहीच नाही अशा पद्धतीने, आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, आणि स्टॉकच्या नोंदी म्हणताय म्हणजे बहुधा असेलच, तर तुम्हाला पूर्ण ताकदीचा ट्रान्झॅक्शन मॅनेजर लागतो. अर्धी माल-आवक डेटाबेसात आणि अर्धी रांगेत, असा घोळ स्टॉक मोजताना वर्षअखेरीस कळतो.

आता तीन सल्ल्यांकडे येऊ.

टॉमकॅट हे उत्तम सॉफ्टवेअर आहे. १९९९ मध्ये सनने ते अपाचीला दिलं, तेव्हापासून ते सर्व्हलेट आणि जेएसपी, म्हणजे जावाची वेब पानं, चालवण्याचं काम इमानेइतबारे करतंय. पण ते तेवढंच करतं. त्यात ईजेबी नाही, जेएमएस नाही, ट्रान्झॅक्शन मॅनेजर नाही, जेएसएफही नाही. तुमच्या सल्लागारांना हे माहीत नसेल असं मी म्हणत नाही. ते म्हणतील, जेएसएफची जार (तयार कोडची फाइल) टाका, सीडीआयसाठी (वर्ग एकमेकांना जोडून देण्याच्या पद्धतीसाठी) वेल्ड टाका, ट्रान्झॅक्शनसाठी नारायणा किंवा ॲटोमिकोस टाका, रांगेसाठी आर्टेमिस वेगळा चालवा. टाकता येतं. पण हे सगळं टाकून झालं की तुम्ही स्वतःचाच एक ॲप्लिकेशन सर्व्हर बांधलेला असतो. त्यातल्या प्रत्येक तुकड्याची कुठली आवृत्ती दुसऱ्या कुठल्या तुकड्याशी जमते हे जन्मभर तुम्हीच बघायचं, आणि ईजेबी तरीही उरतातच. तेवढंच करायचं तर टॉमईई आहे, ज्यात अपाचीच्याच लोकांनी हे तुकडे टॉमकॅटवर बसवून ठेवलेत. चमू लहान आहे, म्हणून तीस ग्राहकांचा भार त्यावर टाकायला मी धजावत नाही, पण हाताने जोडलेल्या टॉमकॅटपेक्षा तो कधीही बरा. फुकट ते पौष्टिक असतंच असं नाही.

भागीदारांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. १९९५ साली याच नावाच्या छोट्या कंपनीत जन्मलेलं, १९९८ मध्ये बीईएने आणि २००८ मध्ये बीईएसकट ओरॅकलने घेतलेलं वेबलॉजिक तांत्रिकदृष्ट्या तुमच्या कामाचं आहे. १४.१ ही मालिका जावा ईई ८ ची, म्हणजे तुमच्या पिढीचा कोड ती चालवते. ट्रान्झॅक्शन आणि जेएमएस या दोन्हींत ते पक्कं आहे, आणि मागे ओरॅकल डेटाबेसचा रॅक (आरएसी) क्लस्टर, म्हणजे एकच डेटाबेस चालवणारी अनेक मशीन, असेल तर त्याच्याशी याच्याइतकं कोणाचं जमत नाही. फ्लेक्सक्यूब हे बँकिंगचं सॉफ्टवेअर वेबलॉजिकवर चालवणाऱ्या बँका आहेत, त्या काही वेड्या नाहीत. पण त्यांच्याकडे वेबलॉजिक सांभाळणारी स्वतंत्र टीम असते.

पैशाचं गणित असं. एंटरप्राइज आवृत्तीचा यादीतला दर प्रोसेसरमागे २५,००० डॉलर, वर दरवर्षी २२ टक्के सपोर्ट. ओरॅकलच्या हिशोबात इंटेलचे दोन कोर म्हणजे एक प्रोसेसर, म्हणजे आठ कोरच्या साध्या मशीनचे एक लाख डॉलर. सूट मिळते, घासाघीसही होते, पण सुरुवातीचा आकडा हा आहे. स्टँडर्ड आवृत्ती स्वस्त आहे, तिच्यात क्लस्टर मिळत नाही. ग्राहकाने व्हीएमवेअरवर मशीन दिलं तर ओरॅकल तुमच्या व्हर्च्युअल मशीनचे कोर मोजून थांबत नाही, खालच्या खऱ्या मशीनचे मोजते. या एका कलमाने कित्येक आयटी मॅनेजरांची झोप उडवली आहे. आणि ऑडिटर नावाला घाबरतो हा समज सोडून द्या. ऑक्टोबर २०२० मध्ये वेबलॉजिकच्या ॲडमिन कन्सोलमध्ये असं भोक सापडलं होतं की पासवर्डशिवाय बाहेरचा माणूस सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू शकत होता. ओरॅकलने पॅच दिला, पण ज्यांनी तो लावला नाही त्यांच्यावर हल्ले झाले. ओरॅकल जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा ठरलेल्या महिन्यांत पॅच काढते. तीस कारखान्यांत जाऊन ते कोण लावणार, हा प्रश्न वेबलॉजिक घेतलं तरी तसाच उरतो.

आयबीएमच्या वेबस्फिअर या सर्व्हरचा जुना, मूळ अवतार ज्यांच्याकडे आहे त्यांनी सांभाळावा. नव्याने कोणी घेऊ नये.

तरुण डेव्हलपरची दिशा बरोबर आहे, वेळ चुकली आहे. २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आलं तेव्हापासून नवी जावा ॲप्स बहुतेक तशीच लिहिली जातात. सर्व्हर ॲपच्या पोटात असतो, एक जार उचलली की काम सुरू. उद्या मोबाइलवरून मंजुरी द्यायची सोय करायची असेल तर ती खुशाल स्प्रिंग बूटमध्ये करा. पण इतक्या वर्षांचा ईजेबी कोड तीन महिन्यांत नव्याने लिहिणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. शिवाय त्याला एवढं विचारा: टॉमकॅटमध्ये भोक सापडलं की काय करणार? वेगळा सर्व्हर असता तर फक्त सर्व्हर बदलला असता. पोटातल्या टॉमकॅटसाठी अख्खं ईआरपी पुन्हा बिल्ड करून, तपासून तीस ठिकाणी पाठवावं लागेल. ज्यांच्याकडे हे आपोआप होण्याची यंत्रणा आहे त्यांना याचं काहीच वाटत नाही. तुमच्याकडे ती नसावी, असं विंडोज सर्व्हरच्या उल्लेखावरून वाटतं.

मग उरतं काय? इथे तुम्हाला एक जुनं भांडण ठाऊक असायला हवं, कारण तुमचा निर्णय बराचसा तेच करून टाकतं. जावा ईई एक्लिप्सकडे गेलं तेव्हा 'जावॅक्स' या कोडमधल्या पॅकेजेसच्या नावाच्या वापरावर ओरॅकल आणि एक्लिप्स यांचं जमलं नाही. परिणामी डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये जावॅक्सने सुरू होणारी सगळी एंटरप्राइज पॅकेजेस जकार्ता नावाने सुरू व्हायला लागली. टॉमकॅट ९ पर्यंत जावॅक्स, १० पासून जकार्ता. पायारा ५ जावॅक्स, ६ जकार्ता. वाइल्डफ्लाय २६ पर्यंत जावॅक्स, २७ पासून जकार्ता. तुमची २०११ ची जार नव्या सर्व्हरवर टाकली तर तो तिला ओळखणारच नाही.

'मग शोधा आणि बदला करून टाकू' असं कोणी म्हणालं तर थांबवा. जावॅक्स डॉट एसक्यूएल, जावॅक्स डॉट नेमिंग, जावॅक्स डॉट क्रिप्टो ही पॅकेजेस मूळ जावाची आहेत. ती बदलली की कोड कंपाइलच होत नाही. यासाठी टॉमकॅटचं स्वतःचं रूपांतराचं साधन आहे, ओपनरीराइट या कोड बदलणाऱ्या साधनाच्या रेसिपी आहेत. ते काम ही साधनं नीट करतात. तुमची खरी अडचण नावाच्याही पुढची आहे. २०११ च्या जेएसएफमध्ये प्रत्येक स्क्रीनमागे मॅनेज्ड बीन नावाचा वर्ग असायचा, आणि तो बहुधा 'मॅनेज्डबीन' याच ॲनोटेशनने (कोडवरच्या खुणेने) लिहिलेला असायचा. जकार्ता ईई १० मधल्या फेसेस ४ ने (फेसेस हे जेएसएफचंच नवं नाव) ते ॲनोटेशन काढून टाकलं. म्हणजे ग्लासफिश ३ वरून थेट ईई १० च्या सर्व्हरवर उडी मारली तर नुसती नावं बदलून भागणार नाही, प्रत्येक स्क्रीनच्या मागचा वर्ग सीडीआयमध्ये न्यावा लागेल, आणि त्याचे स्कोप (माहिती किती वेळ जपायची याचे नियम) वेगळे असल्यामुळे स्क्रीनवरची माहिती अधूनमधून गायब होण्याच्या तक्रारी येतील. करायचं आहेच ते, पण तीन महिन्यांत, ऑडिटरच्या घड्याळावर नाही.

म्हणून मधला थांबा घ्या: जावा ईई ८. तुमचा कोड ईई ६ चा आहे आणि ईई ८ मध्ये तो थोड्या डागडुजीने चालतो, मॅनेज्ड बीन जुने म्हटले जातात पण चालतात, जावॅक्स जावॅक्सच राहतं. आता प्रश्न छोटा झाला: ईई ८ चालवणारा आणि आजही पॅच मिळणारा सर्व्हर कोणता? वाइल्डफ्लाय इथेच गळतो. तो मला आवडतो, २०१४ मध्ये जेबॉस हे नाव सोडल्यापासून त्याने चांगला वेग पकडलाय, पण त्याची दर तिमाहीला नवी आवृत्ती येते आणि मागच्या आवृत्त्यांकडे कोणी वळून बघत नाही. २६ वर बसून राहणं म्हणजे ग्लासफिश ३ वर बसून राहण्याचंच नवं रूप. जे दर तिमाहीला पुढे सरकू शकतात त्यांनी वाइल्डफ्लाय घ्यावा, ज्यांना तो स्थिर हवाय त्यांनी रेड हॅटकडून जेबॉस ईएपी विकत घ्यावा.

तुमच्यासाठी खरे दोनच उरतात, पायारा एंटरप्राइज ५ आणि ओपन लिबर्टी.

पायारा म्हणजे ग्लासफिशचंच सख्खं भावंड. ओरॅकलने नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर केलं की ग्लासफिश ४ ला व्यावसायिक सपोर्ट देणार नाही, तेव्हा इंग्लंडमधल्या काही जणांनी तोच कोड घेऊन हे सुरू केलं. तुमच्या लोकांना त्यात परकं काहीच वाटणार नाही: तीच एएसॲडमिन कमांड, तीच डोमेन डॉट एक्सएमएल, तेच ४८४८ वरचं कन्सोल. आतले अवयवही तेच, जेपीएला (डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाला) एक्लिप्सलिंक, जेएसएफला मोहारा, रांगेला ओपनएमक्यू. रेल्मची जोडणीही तशीच चालते. फुकटची आवृत्ती जकार्ताकडे निघून गेली आहे, त्यामुळे ५ हवी तर वर्गणी भरावी लागते, आणि तुमच्या तीस ग्राहकांपैकी किती जण ती भरतील हे तुम्हीच जाणता.

ओपन लिबर्टी आयबीएमची. २०१२ मध्ये वेबस्फिअरच्या पोटात जन्मली, सप्टेंबर २०१७ मध्ये मुक्त स्रोत झाली. हिच्यात एक गोष्ट आहे जी बाकी कोणाकडे या स्वरूपात नाही. एकाच ताज्या आवृत्तीत जावा ईई ८ सुद्धा आहे आणि जकार्ता ईई १० सुद्धा. कुठली सोय चालू करायची ते सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये लिहायचं. दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, आणि जुनी कॉन्फिगरेशन फाइल नव्या आवृत्तीत तशीच चालली पाहिजे हे त्यांचं जाहीर धोरण आहे. म्हणजे आज तुम्ही जावॅक्सवर उभे राहून सर्व्हरचे पॅच घेत राहाल आणि स्क्रीन एकेक करून नव्या पद्धतीत नेत राहाल. सगळं नेऊन झालं की त्याच सर्व्हरवर ईई १० चालू. मोठ्या ग्राहकाला कागदावर सपोर्ट हवा असेल तर त्याच्यापुरता तो आयबीएमकडून विकत घेता येतो, बाकीच्यांना फुकट.

मी लिबर्टीच्या बाजूचा आहे. पण काम जास्त पडेल हेही सांगतो. जेपीए तिथेही एक्लिप्सलिंकच, म्हणून तुमच्या क्वेऱ्यांना फारसा धक्का नाही. वाइल्डफ्लायवर गेला असतात तर हायबरनेट आला असता आणि लेझी लोडिंगच्या (माहिती लागेल तेव्हाच आणण्याच्या) नव्या तक्रारी सुरू झाल्या असत्या. जेएसएफला मात्र मोहाराऐवजी मायफेसेस आहे, आणि प्राइमफेसेस या जेएसएफच्या तयार घटकांच्या जुन्या पानांवर कुठे एखादा डायलॉग उघडत नाही, कुठे टेबल ताजं होत नाही, असे प्रकार निघतील. अगदीच जमलं नाही तर लिबर्टीत स्वतःचा मोहारा बरोबर नेण्याची सोय आहे. लॉगिनचा रेल्म नव्याने लिहावा लागेल. तो ईई ८ च्या सिक्युरिटी एपीआयमध्ये आयडेंटिटी स्टोअर म्हणून लिहा, म्हणजे पुन्हा कधी सर्व्हर बदलला तरी तो तुमच्याबरोबर येईल. सर्वांत वाकडा ग्राहक निवडा, ज्याच्याकडे सगळ्यात जास्त खास बदल करून दिलेत तो, आणि त्याचं ईआरपी तुमच्या ऑफिसातल्या एका मशीनवर लिबर्टीत उभं करून बघा. आठवडाभरात लॉगिन, खरेदी-पावती आणि स्टॉकची रांग एवढं चाललं तर पुढे जा. नाही चाललं तर पायाराचं कोटेशन मागवून ठेवलेलं असू द्या, आणि त्यात सपोर्टची अखेरची तारीख लेखी घ्या.

एका मोहापासून दूर राहा: वेगाची तुलना. कोणीतरी दोन सर्व्हर बसवेल, शंभर जणांचा भार टाकेल आणि आलेख दाखवेल. ग्लासफिश ३ मध्ये विनंत्या घेणारे थ्रेड मुळात ५ असतात, टॉमकॅटमध्ये २००. डेटाबेस कनेक्शनचं बघा: टॉमकॅटच्या नेहमीच्या पूलमध्ये कमाल ८, वाइल्डफ्लायमध्ये २०, ग्लासफिशमध्ये ३२, लिबर्टीमध्ये ५०. काही न बदलता केलेली चाचणी हे आकडेच मोजते, सर्व्हर नाही. आणि तुमच्या ईआरपीत जो स्टॉक लेजर उघडायला वेळ खातो तो डेटाबेसच्या क्वेरीत खातो, हे मी न बघता सांगू शकतो.

जावा थेट १७ वर न्या. ११ मध्ये जॅक्सबी आणि जॅक्स-डब्ल्यूएस हे एक्सएमएल हाताळणारे भाग मूळ जावातून काढून टाकले, त्यामुळे तुमच्या कोडमध्ये एक्सएमएलचं जे काही असेल ते सर्व्हरच्या सोयींतून किंवा वेगळ्या जारमधून मिळेल याची व्यवस्था करा. जावा कोणाचा घ्यायचा? टेमुरिन, कोरेटो, कोणताही ओपनजेडीके, म्हणजे मुक्त स्रोतातला जावा. ओरॅकलने जानेवारी २०२३ पासून जावाची वर्गणी कंपनीच्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर लावली आहे. कारखान्यात यंत्रावर उभा असलेला कामगारही त्यात मोजला जातो. ग्राहकाच्या मशीनवर चुकून ओरॅकलचा जावा टाकून येऊ नका. जावा ७ सोडण्याचा एक फायदा लगेच जाणवेल: बाहेर जोडणी करताना टीएलएस १.२ (जोडणी सुरक्षित ठेवणारी पद्धत) त्यात बंद ठेवलेलं असायचं, ८ पासून ते चालू असतं. ई-इनव्हॉइससाठी तुम्ही एखादी वेगळी युटिलिटी बाजूला ठेवली असेल तर तिचं मूळ कारण कदाचित हेच असेल.

स्थलांतराच्या रात्री दोन गोष्टी दगा देतात. पहिली टायमर. जुना आणि नवा सर्व्हर काही दिवस शेजारी शेजारी चालवाल आणि दोन्हींचा डेटाबेस एकच असेल, तर रात्री बाराचा टायमर दोन्हीकडे वाजेल. स्टॉकचं मूल्यांकन दोनदा होईल, पेमेंटच्या आठवणीचे एसएमएस दोनदा जातील. नव्या सर्व्हरवर टायमर बंद ठेवणारी एक सेटिंग आधीच करून ठेवा. टिकाऊ टायमरच्या नोंदी सर्व्हर स्वतःच्या टेबलात ठेवतो, त्या जुन्यातून नव्यात येत नाहीत, तेही लक्षात असू द्या.

दुसरी मराठी. विंडोजवरच्या जुन्या जावाची मूळ अक्षरपद्धती यूटीएफ-८ नव्हती. जावा १८ पासून ती सगळीकडे यूटीएफ-८ झाली, पण तुम्ही १७ वर जाताय, म्हणून सर्व्हर सुरू करतानाच फाइल एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. नाहीतर फाइलमधून आयात केलेल्या कामगारांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. उलटही होतं, जुनी निर्यात वाचणारं ग्राहकाचं दुसरं सॉफ्टवेअर नवी फाइल वाचत नाही. मशीन लिनक्सवर नेणार असाल तर मंगल फॉन्ट तिथे नसतो. लोहित किंवा नोटो देवनागरी बसवा आणि जॅस्पर या अहवाल छापणाऱ्या साधनाच्या फॉन्ट एक्स्टेंशनमध्ये तो जोडा. जॅस्परच्या जुन्या आवृत्तीतल्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतात ते मात्र सर्व्हरमुळे नाही, आतल्या जुन्या आयटेक्स्ट या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीमुळे, तेव्हा तो राग लिबर्टीवर काढू नका.

कुबरनेटिसबद्दल, म्हणजे कंटेनरमधली ॲप्स अनेक मशीनवर चालवणाऱ्या यंत्रणेबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत. बरं केलंत.

ऑडिटरला तीन महिन्यांनी काय दाखवायचं ते झालं, पण उत्तर आजच द्यायला सुरुवात करा. ४८४८ हे पोर्ट फायरवॉलमध्ये बंद करून फक्त त्याच मशीनवरून उघडं ठेवा. ग्लासफिश ३ ॲडमिनचा पासवर्ड रिकामा ठेवूनच बसतो आणि तो कधीच बदलला नाही अशी ठिकाणं तुमच्या तीसांत निघतील. पुढे एनजिनएक्स किंवा अपाची वेब सर्व्हर उभा करून टीएलएस तिथे घ्या, म्हणजे बाहेरच्या जगाला जुना सर्व्हर दिसणारच नाही. ॲक्सेस लॉग चालू करा. ग्लासफिशमध्ये तो मुळात बंद असतो, लिबर्टीतही सांगावा लागतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, मशीनची घड्याळं एनटीपीने जुळलेली असावी लागतात आणि घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. ऑडिटर हे विचारतोच. एवढं पंधरा दिवसांत करून पुढच्या टप्प्यांच्या तारखा लिहून दिल्यात तर मुदतवाढ मागायची वेळ आली तरी तोंड दाखवायला जागा राहते.

आणि एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) कागद नव्याने लिहा. आज त्यात 'सॉफ्टवेअर देखभाल' असं एक मोघम कलम असेल, ज्यात बग दुरुस्ती येते आणि सर्व्हर, जावा यांचं कोणीच बघत नाही. त्याखाली वेगळी ओळ घाला: सर्व्हर आणि जावाचे पॅच, तिमाहीला एकदा, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला, आधी बॅकअप घेऊन, इतके रुपये. ज्या ग्राहकाला ते नको असेल त्याच्याकडून तसं लेखी घ्या. वेबलॉजिकचे पैसे ओरॅकलकडे गेले असते, हे तुमच्या कंपनीत येतील. भागीदारांशी बोलायला बसाल तेव्हा लिबर्टीचं नाव काढण्याआधी हा कागद त्यांच्यापुढे ठेवा.